चौदा चादरी आणि सहा जीबी

२०२४ च्या गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला, मी एका चादर कारखान्याचं काम घेतलं. कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. नव्या हंगामाच्या चौदा डिझाइनांची ७५ सेकंदांची थ्रीडी फिल्म त्यांना हवी होती. कॅमेरा घरातून फिरणार, पलंगावर चादरी, कपाटात टॉवेलच्या चवडी, शेवटी विणकामाचा अगदी जवळचा शॉट. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे १० मेला, बाहेरगावचे व्यापारी येणार होते, त्यांना ती दाखवायची होती. एकूण ६०,००० रुपये ठरले आणि १५,००० ॲडव्हान्स त्याच दिवशी मिळाला. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १,८७५ फ्रेम होतात, आणि हातात एक महिना होता.

तोपर्यंत मी घरांचे स्थिर फोटो रेंडर करून, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून कॉम्प्युटरकडून चित्र काढून घेऊन द्यायचे, एखाद्या बिल्डरसाठी दहा सेकंदांचा फिरता शॉट फार तर. एवढं मोठं ॲनिमेशन पहिल्यांदाच करत होते. त्या महिन्यात अडले तेव्हा मराठीत नीट उलगडून सांगितलेलं मला काही सापडलं नाही, म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहून ठेवते आहे.

जुळे सोलापुरातल्या माझ्या खोलीत तेव्हा एकच मशीन होतं. रायझन ५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि २०१८ साली जुनं म्हणून घेतलेलं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, ६ जीबी मेमरीचं. या कामासाठी दुसरं कार्ड घ्यायचं ठरवलं. साधारण तेवढ्याच पैशांत आरटीएक्स ४०६० मिळत होतं, ते नवं आणि वेगवान, पण ८ जीबीचं. आरटीएक्स ३०६० थोडं जुनं, पण त्यात १२ जीबी. मी ३०६० घेतलं आणि आजही तोच निर्णय घेईन. कार्ड मंद असेल तर रेंडर उशिरा होतो, पण मेमरी अपुरी असेल तर बऱ्याचदा तो होतच नाही. १२ एप्रिलला नवी पेठेतल्या दुकानातून २६,५०० रुपयांना ते आणलं. जुनं १०६० काढून विकायचा विचार मनात आला होता. मग वाटलं, मदरबोर्डवर दुसरा स्लॉट मोकळा आहे, दोन्ही लावू. १२ आणि ६ मिळून १८ जीबी होतील.

ते १८ होत नाहीत, हे मला चार दिवसांनी कळलं. त्याआधी पॉवर सप्लायनं अडवलं.

माझा जुना पॉवर सप्लाय ४५० वॅटचा. ३०६० ला १७० वॅट लागतात, १०६० ला १२०, प्रोसेसर आणि बाकीचं वेगळं. कागदावर बेरीज बसत होती. पण रेंडर सुरू होताना दोन्ही कार्डं एकदम वीज ओढतात, त्या धक्क्याला मशीन फट्‌कन बंद पडायचं. १३ तारखेला तीनदा असं झालं. १५ ला ६५० वॅटचा नवा सप्लाय आणला, ५,४०० रुपये. तो दोन दिवस चालला. १७ ला रामनवमीच्या दिवशी त्याच्या पंख्यातून खरखर सुरू झाली आणि दहा-दहा मिनिटांनी मशीन बंद पडायला लागलं. दुकानदार म्हणाला, आता बदलून मी देऊ शकत नाही, कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे, कुरिअरनं पाठवलं तर जायलाच तीन-चार दिवस लागतील.

१८ ला सकाळी साडेसहाच्या हुतात्मा एक्सप्रेसनं मी स्वतःच पुण्याला गेले. सर्व्हिस सेंटरला काय काय लागलं ते सांगते, कारण माझ्यापुढच्या दोघांना यातल्या एकेका गोष्टीसाठी परत जावं लागलं. मूळ बिल लागतं, आणि त्यावर सिरियल नंबर छापलेला हवा. माझ्या बिलावर तो नव्हता, पण आदल्या संध्याकाळी दुकानात जाऊन मी हातानं लिहून शिक्का मारून घेतला होता. ओळखपत्राची झेरॉक्स लागते. सप्लायच्या पेटीवरचा बारकोडचा स्टिकरही त्यांनी मागितला, म्हणून पेटी फेकून देऊ नये. टोकन घेऊन दोन तास बसले, मग जॉबशीट मिळाली. 'तपासून बदलून देऊ, सात ते दहा कामाचे दिवस' असं सांगितलं. जॉबशीटचा फोटो तिथेच काढून ठेवला, कारण पुढचं सगळं बोलणं त्यावरच्या नंबरानंच झालं. संध्याकाळच्या हुतात्मानं परत आले. जाऊन-येऊन आणि रिक्षा धरून ६२० रुपये गेले.

आता मेमरीकडे येते. १६ एप्रिलला, नवा सप्लाय चालत होता त्या दोन दिवसांत, मी पहिली पूर्ण फ्रेम लावली होती. थ्रीडीचं सॉफ्टवेअर ब्लेंडर ४.१, त्याचं रेंडर करणारं इंजिन सायकल्स, दोन्ही कार्डं टिक केलेली. सगळ्या चौदा चादरी असलेला खोलीचा रुंद शॉट होता. दीड मिनिट दृश्य लोड होत राहिलं आणि खाली ओळ आली, 'सिस्टीम इज आउट ऑफ जीपीयू अँड शेअर्ड होस्ट मेमरी'. पुन्हा लावलं, पुन्हा तीच ओळ. १८ जीबी असताना मेमरी संपलीच कशी, या विचारात मी ती रात्र घालवली.

जे समजलं ते असं. दोन कार्डं एकाच फ्रेमवर काम करतात तेव्हा ती फ्रेमची मेहनत वाटून घेतात, दृश्य वाटून घेत नाहीत. खोलीतली प्रत्येक भिंत, प्रत्येक चादर, प्रत्येक टेक्स्चर (वस्तूवर चढवलेलं चित्र) दोन्ही कार्डांच्या मेमरीत पूर्ण जावं लागतं, कारण प्रकाशाचा किरण कुठे आपटेल हे आधी माहीत नसतं. म्हणजे माझ्याकडे १८ जीबी नव्हतेच. दोन्ही कार्डं एका फ्रेमला लावली की हिशेबाला छोट्या कार्डाचे ६ उरतात. काही महागड्या कार्डांना एनव्हीलिंक नावाचा पूल असतो, त्यावरून मेमरी थोडीफार वाटून घेता येते, पण ३००० मालिकेतल्या गेमिंग कार्डांत तो फक्त ३०९० आणि ३०९० टीआय यांना होता. माझ्या दोन वेगळ्या पिढ्यांच्या कार्डांना तो लागू नव्हता.

कार्डाची मेमरी भरली की सायकल्स लगेच हात टेकत नाही. जे मावत नाही ते मशीनच्या साध्या रॅममध्ये ठेवून कार्डाला तिथून वाचायला लावतो. त्यानं वेग पडतो, पण काम होतं. माझी रॅमच १६ जीबीची, त्यात विंडोज, ब्लेंडर आणि दृश्याची मूळ प्रत बसलेली. तिथेही जागा उरली नाही, म्हणून तो संदेश. त्यातला 'शेअर्ड होस्ट मेमरी' हा भाग नीट वाचला असता तर एक रात्र वाचली असती.

पुण्याहून आल्यावर जुना ४५० वॅटचा सप्लाय परत लावला आणि एकटं ३०६० ठेवलं. १०६० टेबलावर काढून ठेवलं. सप्लाय येईपर्यंत दुसरा इलाज नव्हता. आता वाटतं, ते बरंच झालं, कारण त्या दहा दिवसांत मी आधी करायला हवं होतं ते काम केलं. दृश्य वजन करून पाहिलं.

वजन करायची रीत सोपी आहे. टेक्स्चरची जेपीजी फाइल डिस्कवर ७ एमबीची दिसते, पण कार्डात ती उलगडून जाते. लांबी गुणिले रुंदी गुणिले ४ बाइट. ८के चौरस टेक्स्चर, म्हणजे ८१९२ बाय ८१९२ पिक्सेल, कार्डात २५६ एमबी खातं, मग डिस्कवर ती फाइल कितीही लहान असो. ४के चं ६४ एमबी, २के चं १६. चित्र १६ बिटचं असेल तर याच्या दुप्पट. काळं-पांढरं चित्र एकाच चॅनेलचं म्हणून सेव्ह केलं असेल तर पाव पट, पण तेच राखाडी चित्र आरजीबी, म्हणजे रंगीत, म्हणून सेव्ह केलेलं असेल तर रंगीताएवढंच.

माझ्या प्रत्येक चादरीला तीन टेक्स्चरं होती, रंग, उठाव आणि खरखरीतपणा. तिन्ही ८के, तिन्ही आरजीबी. चौदा गुणिले तीन गुणिले २५६ म्हणजे १०,७५२ एमबी, साडेदहा जीबी. नुसत्या चादरींचे. वर टॉवेल, पलंग, पडदे. वहीत हा गुणाकार केला तेव्हा माझं मलाच वाईट वाटलं, कारण हे फोटो मी चार दिवस खपून काढले होते. पूर्ण चादर अंथरून, स्टूलवर उभं राहून, तुकड्या-तुकड्यांनी फोटो घेऊन ते जोडले होते.

कुठल्या वस्तूला किती मेमरी लागते याची पूर्ण यादीही मिळते. ब्लेंडर कमांड लाइनवरून चालवून त्याला 'सायकल्स-प्रिंट-स्टॅट्स' हा पर्याय दिला की फ्रेम संपल्यावर मेश (वस्तूचा थ्रीडी आकार) आणि टेक्स्चरची वजनं उतरत्या क्रमानं छापून येतात. मी ती यादी कागदावर काढून भिंतीला लावली.

२० तारखेला पहिला उपाय केला. रेंडरच्या सेटिंगमध्ये 'सिम्प्लिफाय' आहे, त्यात टेक्स्चर लिमिट ४०९६ केली. एका क्लिकमध्ये चादरींचं वजन पावपट झालं आणि फ्रेम निघाली. रुंद शॉट उत्तम दिसला. खरं तर १९२० पिक्सेलच्या फ्रेममध्ये ती चादर जेमतेम ७०० पिक्सेलची होती, तिला ८के ची गरजच नव्हती. पण ही मर्यादा अख्ख्या दृश्याला एकसारखी लागते. शेवटच्या जवळच्या शॉटमध्ये धागे धुरकट झाले. सोलापुरी चादरीच्या फिल्ममध्ये वीण दिसत नसेल तर मग काय दाखवायचं? ते मला चालणार नव्हतं.

भाड्यानं क्लाउडवर रेंडर करणं, किंवा लोक एकमेकांची कामं फुकट रेंडर करून देतात त्या ठिकाणी टाकणं, हेही मनात येऊन गेलं. पण डिझाइनं अजून बाजारात आलेली नव्हती. ती कारखान्याबाहेर जाणार नाहीत असा शब्द मी अण्णांना दिला होता. तो विषय तिथेच संपला.

२४ एप्रिलला कारखान्यात गेले, अण्णांना सांगायला की एक तर जवळचा शॉट बदलू, नाहीतर डिझाइनं कमी करू. अडचण त्यांना कशी सांगावी हे कळत नव्हतं, म्हणून म्हटलं, "अण्णा, चादरीचा फोटो फार मोठा होतोय, मशीनमध्ये मावेना."

ते म्हणाले, "पूर्ण चादरीचा फोटो कशाला घेतलीस ताई? आम्ही बी पूर्ण चादर पंच करत नाही की."

आणि मला आत मागापाशी घेऊन गेले. आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटानं दाखवलं. मागाच्या डोक्यावर नक्षी विणवणारं जकार्ड यंत्र, आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ खाली लोंबत होती, एकाला एक दोरीनं शिवलेली. प्रत्येक कार्डावर भोकांच्या ओळी. मागाचा एक ठोका पडला की माळ एक कार्ड पुढे सरके. भोक असेल तिथली सुई आत जाते आणि तिचा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो, आणि मधून बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा जातो. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक धागा. कडेची कार्डं तेलकट हातांनी काळी पडली होती, एका कार्डाचं फाटलेलं भोक कागदाची चकती चिकटवून बुजवलं होतं. माळ संपली की पहिलं कार्ड पुन्हा वर येई. अण्णांनी चादरीवर टिचकी मारून दाखवलं, इथून इथपर्यंत एक रिपीट. मग पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच.

मी दोन वर्षं भिंतींना आणि फरशांना टेक्स्चर रिपीट करत आले होते. चादर मात्र मी एक अखंड चित्र समजून बसले होते.

तिथेच पुन्हा फोटो घ्यायला सुरुवात केली. कार्डांना भोकं पाडायचं, म्हणजे पंचिंगचं काम करणारे एक काका आहेत, त्यांनी प्रत्येक चादरीवर रिपीट जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो त्या धाग्यावर लाल डोक्याच्या टाचण्या टोचून दिल्या. हे महत्त्वाचं आहे. डोळ्यांच्या अंदाजानं कापलं तर एका धाग्याचा फरक पडतो आणि पसरल्यावर चादरीभर रेघ दिसते. टाचणीपासून टाचणीपर्यंत कापलं तर जोड लागतच नाही. काठ वेगळा घ्यायचा, मधला भाग वेगळा. शेडमध्ये सकाळी आठ ते दहा उजेड सारखा असतो, म्हणून २४, २५ आणि २६ अशा तीन सकाळी गेले.

चौदापैकी अकरा डिझाइनं रिपीटची निघाली. मधोमध मोठं चित्र असलेली तीन डिझाइनं अखंडच ठेवावी लागली, ती ४के ला आणली. हिशेब असा झाला. अकरांची टेक्स्चरं २के ची, आणि उठाव सगळीकडे एकाच चॅनेलचा. अकरा डिझाइनांना प्रत्येकी मधल्या भागाचा रंग १६ आणि उठाव ४, काठाचा रंग १६ आणि उठाव ४, मिळून ४० एमबी. उरलेल्या तिघांना प्रत्येकी ६४ आणि १६, म्हणजे ८०. खरखरीतपणाचं टेक्स्चर काढूनच टाकलं, सुती चादरीला एकच आकडा पुरला. एकूण ६८० एमबी. १०,७५२ वरून ६८०. आणि वीण आधीपेक्षा स्पष्ट झाली, कारण ९० इंची चादरीवर ८,१९२ पिक्सेल ताणले तर इंचाला ९१ येतात, पण १५ इंचांच्या रिपीटवर २,०४८ पिक्सेल म्हणजे इंचाला १३६. त्या रात्री मी जवळच्या शॉटची एक फ्रेम काढली आणि आईला उठवून दाखवली.

पुण्याहून बदललेला सप्लाय शनिवारी, २७ तारखेला कुरिअरनं आला. रविवारी दोन्ही कार्डं परत लावली. या वेळी मॉनिटरची वायर १०६० ला जोडली, म्हणजे स्क्रीन, विंडोज आणि ब्राउझर जी मेमरी खातात ती ३०६० मधून जाणार नाही. मोठं कार्ड पूर्ण मोकळं ठेवायचं असेल तर ही युक्ती फुकटात आहे. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये प्रत्येक कार्डाची डेडिकेटेड आणि शेअर्ड मेमरी वेगळी दिसते. शेअर्डचा आलेख चढायला लागला की समजायचं, कार्ड भरून रॅममध्ये सांडायला लागलंय.

कपाटाच्या शॉटमध्ये तो चढला. टॉवेलच्या २४ घड्या होत्या आणि प्रत्येकीवर फंदे दाखवायला हेअर पार्टिकल, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू. एकट्या ३०६० वर ती फ्रेम अडीच मिनिटांत निघत होती, दोन्ही कार्डं लावली की चार मिनिटं. दुसरं कार्ड मदतीला दिलं आणि काम मंदावलं, कारण १०६० चे ६ जीबी भरून ते रॅममधून वाचत बसलं होतं. मी टॉवेल ऑल्ट-डीनं (मूळ मेश सामायिक ठेवून प्रत काढणाऱ्या कळांनी) वाढवले होते, त्यामुळे मेमरी एकाचीच लागेल अशी माझी समजूत होती. ऑल्ट-डीनं मूळ मेश एकच राहतो हे खरं, पण त्यावर मॉडिफायर (आकारात फेरफार करणारी सेटिंग) किंवा पार्टिकल असले तर ब्लेंडर प्रत्येक टॉवेलचा वेगळा हिशेब करतो आणि २४ वेगळ्या वस्तू कार्डात जातात. टॉवेलचं एक कलेक्शन (गट) करून त्याचे इन्स्टन्स, म्हणजे मूळ वस्तूकडे बोट दाखवणाऱ्या प्रती, टाकले, तेव्हा कुठे एकाच टॉवेलची मेमरी लागली. प्रत्येक घडी थोडी फिरवून ठेवली, कुणाला कळलं नाही.

तरीही मी दोन्ही कार्डं एका फ्रेमवर लावली नाहीत. दोन ब्लेंडर उघडले. एकात प्रेफरन्सेसमध्ये फक्त ३०६० टिक, दुसऱ्यात फक्त १०६०. प्रेफरन्सेस आपोआप सेव्ह होणं आधी बंद करावं, नाहीतर पुढच्या वेळी उघडताना घोळ होतो. दोन ब्लेंडर म्हणजे रॅमही दुप्पट लागते, म्हणून ३,१०० रुपयांची आणखी एक १६ जीबीची पट्टी टाकली. आउटपुटमध्ये 'ओव्हरराइट' बंद आणि 'प्लेसहोल्डर्स' चालू ठेवलं की दोन्ही ब्लेंडर एकाच फोल्डरात लिहितात आणि एकानं घेतलेली फ्रेम दुसरा घेत नाही. दोन वेगवेगळ्या मशीनवरही हे असंच चालतं, फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेला असला म्हणजे झालं.

३० एप्रिलच्या रात्री सुरू केलं. दिवसा पारा चाळिशीच्या वर आणि खोलीत पंख्याशिवाय काही नाही, म्हणून संध्याकाळी सात ते सकाळी नऊ एवढंच चालवायचं ठरवलं. ३०६० ची पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणली. फ्रेममागे दहा-बारा सेकंद वाढले, पण कार्डाचं तापमान ८१ वरून ७० वर आलं. उन्हाळ्यात इथे रेंडर करणाऱ्यानं हे जरूर करावं.

पहिल्याच रात्री एक चूक झाली. १०६० वाल्या फाइलमध्ये, उगाच धोका नको म्हणून, मी टेक्स्चर लिमिट २०४८ ठेवली होती. अखंड चित्राच्या तीन चादरी त्यामुळे तिथे ४के ऐवजी २के च्या झाल्या. दोन्ही ब्लेंडर एकाच शॉटच्या फ्रेमा जसजशा मिळतील तशा घेत होते. सकाळी ६४ फ्रेम चालवून पाहिल्या तर मोराची पिसं दर चार-पाच फ्रेमला लुकलुकत होती. एक फ्रेम तीक्ष्ण, एक मऊ. एकेक फ्रेम सुटी पाहिली तर काहीच चुकीचं दिसत नव्हतं. त्या ६४ फेकल्या. तेव्हापासून एका शॉटच्या सगळ्या फ्रेम एकाच कार्डाला द्यायच्या असा नेम केला. नऊ शॉटपैकी तीन हलके होते, मिळून ५०० फ्रेम, ते १०६० ला दिले, फ्रेमला साधारण सहा मिनिटं. उरलेल्या १,३७५ फ्रेम ३०६० ला, फ्रेमला अडीच मिनिटं. म्हणजे एकाचे ५० तास आणि दुसऱ्याचे सत्तावन्न. वजन आणि वेग दोन्ही पाहून काम वाटून दिलं की दोन्ही कार्डं जवळपास एकाच वेळी मोकळी होतात.

२ मेच्या रात्री दोन वाजता वीज गेली. माझा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटचा, त्याला हा भार झेपला नाही, लगेच बंद पडला. परत सुरू केलं आणि सकाळी पाहिलं तर दोन फ्रेम कायमच्या रिकाम्या. प्लेसहोल्डर म्हणजे फ्रेम सुरू होताना टाकलेली शून्य आकाराची फाइल. मध्येच वीज गेली की ती तशीच राहते, आणि ओव्हरराइट बंद असल्यानं ब्लेंडर तिला झालेली फ्रेम समजून पुढे जातो. म्हणून वीज आल्यावर आधी फोल्डर आकारानुसार लावून शून्याच्या फाइली पुसायच्या, मगच सुरू करायचं. दुसऱ्या दिवशी ११०० व्हीएचा यूपीएस आणला, ५,८०० रुपये.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, येतं ते रात्री-अपरात्री. त्या आठवड्यात आई दोनदा पाणी भरायला उठली. पिंप भरेपर्यंत माझ्या दारात येऊन स्क्रीनवरचा आकडा पाहायची. "अजून व्हायलंय का गं?" म्हणायची. मी झोपलेली असले तर सकाळी आठवणीनं सांगायची, तीन वाजता आठशे बारा होतं. दोन्ही खिडक्यांपैकी एकाचा आकडा पुढे सरकला नसेल तर मला उठवायचं, एवढं मी तिला सांगून ठेवलं होतं. ४ तारखेला तिनं खरंच उठवलं, १०६० चा ड्रायव्हर अडकला होता. तिच्यामुळे सहा तास वाचले.

६ मेला सगळ्या फ्रेम झाल्या. ७ ला लोकसभेचं मतदान होतं, कारखाना बंद. मतदान करून येऊन मी एडिटला बसले. ९ ला दुपारी फिल्म घेऊन कारखान्यात गेले. ऑफिसातल्या टीव्हीवर लावली. अण्णा, त्यांचा मुलगा, अकाउंटंट सगळ्यांना आवडली. पंचिंगवाले काका मात्र उठून टीव्हीजवळ गेले, म्हणाले, मागं घ्या जरा. नवव्या डिझाइनच्या काठातली वेल उलटी होती. काठाचा फोटो लावताना मी एका बाजूला आरशासारखा फिरवला होता. खऱ्या चादरीत वेल दोन्हीकडे एकाच दिशेनं जाते.

"व्यापाऱ्यांना कळंल," काका म्हणाले. अण्णा काही बोलले नाहीत, माझ्याकडे पाहिलं.

घरी येऊन २के चं एक टेक्स्चर फिरवलं आणि ९६ फ्रेम पुन्हा लावल्या, चार तासांचं काम. जुनी साडेदहा जीबीची फाइल असती तर ती रात्र पुरली नसती. १० मेला सकाळी आठला पेन ड्राइव्ह पोचवला.

बिलाचं सांगते, कारण नवीन काम करणारे इथे गोंधळतात. कारखान्याच्या अकाउंटंटनं पॅन नंबर असलेलं बिल मागितलं आणि कलम १९४ जे खाली १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून भरायचा आयकर, कापला. ६०,००० वर ६,०००, ॲडव्हान्स वजा जाता ३९,००० खात्यात आले, २७ मेला. कापलेले ६,००० बुडत नाहीत, आयकर खात्याच्या वार्षिक कर-विवरणात (तेव्हा २६एएस) दिसतात आणि रिटर्न भरताना जमेला धरले जातात. माझा खर्च कार्ड, सप्लाय, रॅम, यूपीएस आणि पुण्याची फेरी मिळून ४१,४२० झाला. पहिल्या कामात हातात फारसं उरलं नाही, पण सामान घरात राहिलं.

१०६० विकलं नाही. मॉनिटर अजून त्यालाच जोडलेला आहे, आणि हलके शॉट त्याच्याकडेच जातात. दिवाळीच्या मालासाठी काकांनी टाचण्यांची डबी माझ्याकडे देऊन ठेवली आहे.